कमी खर्चात अस्सल मिड-सेंच्युरी खुर्ची: काय शोधावे आणि कसे तपासावे?

अर्धवर्तुळ (धागाकर्ता)

विसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे साधारण १९४५ ते १९७० या काळात, नावारूपाला आलेल्या एखाद्या डिझायनरच्या खुर्चीच्या मी शोधात आहे. संग्रह करण्याचा विचार नाही. रोज बसून वाचता येईल अशी एकच खुर्ची हवी आहे, मात्र ती नक्कल नसावी एवढा हट्ट आहे. अडचण अशी की ज्या खुर्च्यांची छायाचित्रे पाहून हा नाद लागला त्या ऐपतीबाहेरच्या आहेत, आणि ज्या ऐपतीत बसतात त्यांच्याविषयी विक्रेते जे सांगतात त्यावर विश्वास बसत नाही.

सध्या दोन वस्तू डोळ्यांसमोर आहेत. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याची म्हणून विकायला ठेवलेली एक लाउंज खुर्ची अस्सल खुर्चीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाच्या किमतीत मिळते आहे, आणि विक्रेता ती ‘घरातली जुनी’ असल्याचे सांगतो. दुसरी एक साधी लाकडी खुर्ची आहे. तिची बैठक कागदी दोराने विणलेली आहे, तिच्यावर कोणतेही नाव नाही आणि ‘डॅनिश असावी’ याखेरीज विक्रेत्यालाही तिच्याविषयी काही ठाऊक नाही. यांतली कोणती घ्यावी, किंवा दोन्ही सोडून आणखी कशाच्या मागे लागावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनेजाणते

या बाजारात तीन प्रकारच्या वस्तू एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या काळात, मूळ कारखान्यात बनलेली वस्तू हा पहिला प्रकार. तोच आराखडा हक्क असलेल्या कंपनीने पुढे किंवा आजही बनवलेला असेल तर तो दुसरा प्रकार: ईम्स यांच्या खुर्च्या अमेरिकेत हर्मन मिलर आणि युरोपात व्हिट्रा या कंपन्या बनवतात, तर डॅनिश डिझायनर हान्स वेग्नर यांची १९४९ मध्ये आखलेली सीएच २४ ही खुर्ची कार्ल हान्सन अँड सन ही कंपनी १९५० पासून आजतागायत बनवत आली आहे. तिसरा प्रकार विनापरवाना नकलांचा. माझ्या मते पहिले दोन्ही प्रकार अस्सलच आहेत, आणि हात आखडता असलेल्या माणसाने दुसऱ्या प्रकारातील दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या वस्तूंकडे तुच्छतेने पाहू नये.

नक्कल म्हणजे नवी आणि अस्सल म्हणजे जुनी, हा समज मात्र सोडून द्यावा. ब्रिटनमध्ये औद्योगिक पद्धतीने बनणाऱ्या कलात्मक वस्तूंना केवळ २५ वर्षांचे संरक्षण देणारे कलम २०१६ साली रद्द झाले. तोवर तेथे गाजलेल्या खुर्च्यांच्या नकला उघडपणे आणि कायदेशीररीत्या विकल्या जात होत्या. त्या नकला आता वापरून जुन्या दिसू लागल्या आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून पुन्हा बाजारात येत आहेत. विकणाऱ्याला खरोखरच काही माहीत नसते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नाही. छायाचित्रकार लुइस मॉर्ली यांनी १९६३ साली ब्रिटिश मॉडेल क्रिस्टीन कीलर यांचे जे गाजलेले छायाचित्र काढले, त्यातली खुर्चीसुद्धा डॅनिश डिझायनर आर्ने याकोबसेन यांच्या १९५५ च्या ३१०७ या खुर्चीची नक्कलच होती. पाठीत हात घालून उचलण्यासाठी कापलेल्या भोकावरून ती ओळखू येते, आणि आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सहा दशकांपूर्वीचीही नक्कल असू शकते, एवढे त्यावरून लक्षात घ्यावे.

रंधा

लाउंज खुर्चीबाबत तेवढे सांगतो, कारण ती छायाचित्रावरूनही बऱ्यापैकी तपासता येते. हर्मन मिलरने ही खुर्ची १९५६ साली ६७० या क्रमांकाने बाजारात आणली आणि तिच्या जोडीचे पाय ठेवण्याचे स्टूल ६७१ या क्रमांकाने. खुर्चीच्या तळाला पाच पाय असतात आणि स्टुलाच्या तळाला चार. नकला करणारे खर्च वाचवण्यासाठी पुष्कळदा दोहोंना चार पायांचा एकच तळ लावतात. अस्सल खुर्चीचा कल कायमचा ठरलेला असतो. ती गोल फिरते, परंतु मागे रेलण्यासाठी तिला तरफ किंवा खटका नसतो. ‘पाठ हवी तशी मागेपुढे करता येते’ असे जाहिरातीत कौतुकाने लिहिलेले असेल, तर पुढचे वाचण्याची गरज उरत नाही. तळ ॲल्युमिनियमचा असल्याने त्याला लोहचुंबक चिकटत नाही, हे प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर तपासावे.

आता लाकडाकडे वळू. बैठक आणि पाठ ही उष्णता व दाब देऊन वळवलेल्या प्लायवूडची कवचे आहेत. सुरुवातीच्या खुर्च्यांत पाच थर होते, नंतरच्यांत सात आहेत. कवचांच्या बाहेरच्या अंगाला कोठेही स्क्रूची डोकी दिसत नाहीत, कारण पाठ आणि हात यांचा सांधा आतून चिकटवलेल्या रबरी चकत्यांवर तोललेला असतो. या चकत्या हीच त्या रचनेची खुबी आहे आणि तोच तिचा कच्चा दुवाही आहे. काही दशकांनी रबर कडक होते, गोंद सुटतो आणि एखाद्या दिवशी माणूस मागे टेकताच पाठ निखळून येते. अशी निखळलेली अस्सल खुर्ची कधीकधी खरोखर स्वस्तात मिळते, तेव्हा चकती कशी सुटली आहे ते पाहावे. लाकूड शाबूत असेल आणि केवळ चिकटण सुटले असेल, तर जाणकार कारागीर नवी चकती बसवू शकतो. चकतीबरोबर प्लायवूडचा थर उपटून निघाला असेल किंवा आधीच्या मालकाने वैतागून कवचातून आरपार स्क्रू मारला असेल, तर ती वस्तू सुट्या भागांच्या किमतीतच घ्यावी, अन्यथा घेऊ नये.

अर्धवर्तुळ (धागाकर्ता)

सविस्तर प्रतिसादाबद्दल आभारी आहे. छायाचित्र मोठे करून पाहिले. खुर्चीच्या तळाला चारच पाय आहेत आणि बैठकीखाली एक काळी तरफही स्पष्ट दिसते. या खुर्चीचा विचार सोडला आहे. विणलेल्या बैठकीच्या खुर्चीविषयी आणि एकूण शोधाच्या दिशेविषयी मात्र अजूनही वाचायला आवडेल.

तीनपायी

शोधाच्या दिशेविषयी लिहितो, कारण मला ती उलटी वाटते. श्रीमंतांसाठी बनलेली वस्तू स्वस्तात कोठे मिळेल हे शोधत बसलात, तर समोर नकलाच येणार. त्याच काळातील उत्तमोत्तम डिझायनरांनी सामान्य माणसाला परवडावे म्हणून मुद्दाम आखलेले आणि लाखोंच्या संख्येने बनलेले फर्निचर आजही जुन्या बाजारांत, बंद पडलेल्या शाळांच्या आणि सभागृहांच्या सामानात पडून असते. नकली बनवून फायदा होईल एवढी त्याची किंमतच नसते, म्हणून फसवणुकीचे प्रमाणही कमी राहते.

डेन्मार्कमधल्या ग्राहक सहकारी संस्थांच्या संघाने, म्हणजे एफडीबीने, १९४० च्या दशकात आपला स्वतःचा फर्निचर विभाग सुरू केला आणि त्याच्या आरेखनाची सूत्रे बॉर्गे मोगेन्सन या तरुण डिझायनरकडे दिली. त्यांची १९४७ सालची जे ३९ ही खुर्ची तेव्हापासून बनतच आहे, आणि डेन्मार्कमध्ये ती लोकांची खुर्ची म्हणून ओळखली जाते. मागच्या दोन पायांमध्ये बसवलेली एकच रुंद, किंचित वळणदार फळी हीच तिची पाठ आहे आणि बैठक कागदी दोराची आहे, यापलीकडे तिच्यात दाखवण्यासारखे काही नाही. धागाकर्त्यांनी वर्णन केलेली खुर्ची याच कुळातली असण्याची शक्यता मला वाटते.

दुसरे उदाहरण रॉबिन डे यांनी हिल या ब्रिटिश कंपनीसाठी आखलेल्या आणि १९६३ साली बाजारात आलेल्या पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या खुर्चीचे. साच्यात ओतलेले एकसंध कवच आणि खाली वाकवलेल्या पोलादी नळीचे पाय एवढीच तिची रचना आहे. ब्रिटनच्या टपाल खात्याने २००९ साली देशातील नामांकित डिझाइनांवर तिकिटे काढली तेव्हा त्यांत ही खुर्ची होती, आणि तरीही तिच्यावर बसणाऱ्या हजारो लोकांना आपण एका डिझायनरच्या वस्तूवर बसलो आहोत याचा पत्ता नसतो.

फिनलंडचे वास्तुविशारद अल्वार आल्टो यांचे ६० क्रमांकाचे स्टूल १९३३ सालचे, म्हणजे काटेकोरपणे पाहता आपल्या काळाच्या आधीचे आहे. मात्र आर्टेक कंपनी ते आजही बनवते, आणि वापरलेली स्टुले सहज मिळतात. याच्या नकला उदंड आहेत, परंतु पायाची कड पाहिली की उलगडा होतो. आल्टो यांनी बर्चच्या अखंड लाकडाच्या केवळ वरच्या टोकाला उभे काप घेतले, त्यांत पातळ पट्ट्या गोंदाने बसवल्या आणि तेवढाच भाग वाकवला. म्हणून अस्सल पायात थरांच्या रेषा फक्त वळणापाशी दिसतात आणि खाली अखंड लाकूड असते. जमिनीपर्यंत थरच थर दिसत असतील, तर तो पाय आल्टो यांच्या पद्धतीचा नाही.

सरळरेषा

प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरी त्यातील निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. धागाकर्त्यांना रोज बसून वाचायचे आहे. पॉलीप्रॉपिलीनची खुर्ची सभागृहात दोन तास बसण्यासाठी ठीक आहे आणि आल्टो यांच्या स्टुलाला तर पाठच नाही. केवळ अस्सल आणि स्वस्त आहे म्हणून गैरसोयीची वस्तू घरात आणणे मला पटत नाही. त्यापेक्षा काही काळ थांबावे, पैसे साठवावेत आणि वेग्नर यांची सीएच २४ किंवा तत्सम हात टेकवता येणारी खुर्ची वापरलेल्या अवस्थेत घ्यावी. अशी खुर्ची पुढे विकावी लागली तरी फारसे नुकसान होत नाही, हेही गणितात धरावे.

तीनपायी

सोयीचा मुद्दा मान्य आहे, स्टूल मी वाचनासाठी सुचवले नव्हते. तरीही जे ३९ वर पाठ चांगली टेकते, आणि टेबलाशी बसून वाचणाऱ्याला हात नसलेली खुर्ची अडचणीची वाटत नाही. मध्यममार्ग हवा असेल तर ईम्स यांच्या फायबरग्लासच्या हात असलेल्या खुर्चीचा विचार करावा, जी १९५० पासून हर्मन मिलरने विकली. तिच्या कवचाच्या पृष्ठभागाखाली काचेचे तंतू अस्ताव्यस्त पसरलेले दिसतात. आजकालच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या खुर्चीत ते दिसत नाहीत. अगदी सुरुवातीची कवचे झेनिथ प्लास्टिक्स या कंपनीने बनवली होती आणि त्यांच्या काठात दोर गुंतवलेला असे. तो बोटांना जाणवतो, परंतु अशा कवचांना संग्राहक टपलेले असतात, म्हणून ती आपल्या हिशेबात धरू नयेत. कवच जुने आणि पाय नवे, असा जोड सर्रास विकला जातो. विक्रेत्याने तसे सांगितले असेल आणि किंमत त्यानुसार असेल तर त्यात गैर काही नाही. पृष्ठभाग झिजून तंतू उघडे पडले असतील तर ते त्वचेला टोचतात, आणि घासून काढायला गेल्यास त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. असे कवच घेऊ नये.

भिंगातून

चर्चेत अजून शिक्के आणि लेबले यांचा विषय आलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बहुतेक खरेदीदार प्रथम खुर्ची उलटी करून शिक्का शोधतात आणि तो सापडला की निर्धास्त होतात. शिक्का हा पुराव्यांपैकी एक पुरावा आहे, आणि बनवायला सर्वांत सोपाही तोच. डॅनिश वस्तूंवर पुष्कळदा ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’ असे लिहिलेली गोल खूण आढळते. ती वस्तूचे मूळ आणि दर्जा सांगते, डिझायनरचे नाव सांगत नाही, तरीही ती दाखवून नामवंतांची नावे चिकटवली जातात. उलटपक्षी, कागदी लेबल गळून पडलेल्या किंवा पॉलिश करताना शिक्का घासून गेलेल्या अस्सल वस्तूही भरपूर आहेत.

शिक्क्यावर विसंबण्याचा धोका चंडीगढच्या फर्निचरमध्ये सर्वाधिक दिसतो. चंडीगढ शहराचे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात तेथील कचेऱ्यांसाठी आणि महाविद्यालयांसाठी सागवान व वेताच्या हजारो खुर्च्या बनल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर आणि अडगळीत पडल्या, भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या आणि मग परदेशातील लिलावगृहांत त्यांना अफाट किमती आल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि परदेशी पाठवणीला आळा घालण्याचा आदेश काढला, तोवर बरेच सामान बाहेर गेले होते. या खुर्च्या एका कारखान्यात बनल्या नव्हत्या, निरनिराळ्या सुतारांनी त्या घडवल्या, त्यामुळे दोन अस्सल खुर्च्यांच्या मापांतही फरक आढळतो. त्यांच्यावर कचेऱ्यांची अक्षरे रंगवलेली असत. जुने सागवान, थोडा रंग आणि एक पत्र्याची अक्षरपट्टी एवढ्या सामग्रीत ही खूण कोणालाही उभी करता येते. वस्तू कोणत्या कचेरीतून, कोणत्या लिलावात, कोणाकडे गेली याची कागदपत्रे नसतील, तर स्वस्तात मिळणाऱ्या अशा खुर्चीकडे ढुंकूनही पाहू नये.

म्हणून मी स्वतः आधी लाकूड पाहतो आणि शिक्का शेवटी. रोज प्रकाशात असलेला भाग आणि बैठकीखाली झाकलेला भाग यांच्या रंगांत वर्षानुवर्षांचा फरक पडतो. वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी रंग दिसला तर तो अलीकडे चढवलेला आहे. जिथे हात टेकतो तिथली कड गुळगुळीत झालेली असावी. जिथे कोणाचा हात लागण्याचे कारणच नाही अशा कोपऱ्यातही ‘झीज’ दिसत असेल तर ती कानशीने घडवलेली असू शकते. कपाटासारख्या वस्तूची मागची फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून बनवलेली, असेल, तर १९५५ चा दावा टिकत नाही, कारण एमडीएफचे औद्योगिक उत्पादनच १९६० च्या दशकात सुरू झाले. तारकाकृती खाचेचा टॉर्क्स स्क्रूही १९६० च्या दशकातला आहे. त्यामुळे त्याआधीच्या खुर्चीत तो दिसला, तर निदान त्या सांध्याची दुरुस्ती झाली आहे एवढे निश्चित समजावे. लिलावाच्या यादीत डिझायनरच्या नावाआधी ‘यांची असावी’ किंवा ‘यांच्या शैलीत’ असे शब्द असतील, तर ते लिलावगृहाने विचारपूर्वक घातलेले असतात आणि त्यानंतर तक्रारीला जागा राहत नाही.

कोपरा

दुरुस्तीचा खर्च विसरू नये. गादीतला जुना फोम दाबला असता भुगा होऊन गळत असेल, तर नव्या गाद्यांचा खर्च कधीकधी खुर्चीच्या किमतीला गाठतो. याकोबसेन यांच्या ३१०७ किंवा १९५२ च्या अँट या खुर्चीत पाठ आणि बैठक जोडणाऱ्या अरुंद कमरेपाशी चीर पडते. रिकामी खुर्ची पाहताना ती दिसत नाही, म्हणून पाठ हलकेच मागे दाबून विजेरीचा प्रकाश तिरपा पाडून पाहावा. तेथे चीर असेल तर ती खुर्ची शोभेपुरतीच राहते.

परदेशातून मागवणाऱ्यांनी शिसवी लाकडाचा नियम जाणून घ्यावा. ब्राझीलचे शिसव १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि ज्या डाल्बर्जिया प्रजातीत ते मोडते ती उर्वरित प्रजाती २०१७ पासून दुसऱ्या यादीत घातली गेली. कागदपत्रांशिवाय निघालेली खुर्ची सीमेवर अडकू शकते. ओक, बीच, बर्च किंवा साग असल्यास या करारामुळे होणारा हा त्रास नाही, आणि तीनपायी यांनी सुचवलेल्या लाकडी वस्तू बहुतांशी याच लाकडांच्या आहेत.

अर्धवर्तुळ (धागाकर्ता)

विणलेल्या बैठकीची खुर्ची प्रत्यक्ष पाहून आलो. पाठीला एकच रुंद फळी आहे, लाकूड बीच असल्याचे विक्रेता म्हणतो, आणि बैठकीची वीण चार कोपऱ्यांतून मध्याकडे येते. बैठकीखाली अंधार असल्याने शिक्का आहे की नाही हे दिसले नाही. एका बाजूचा दोर थोडा सैल झाला आहे आणि त्याचे एक टोक सुटले आहे. विक्रेता मागतो आहे त्या किमतीत ती घ्यावी का?

रंधा

वर्णन जे ३९ शी जुळते, पण तशाच ठेवणीच्या निनावी खुर्च्याही त्या काळात भरपूर बनल्या, म्हणून एवढ्यावर नाव ठरवू नका. सुटलेले टोक बोटांत धरून पीळ उलगडून पाहा. मेण लावलेला खरा कागदी दोर असेल तर त्याची चपटी कागदी पट्टी उलगडते, प्लास्टिकचा असेल तर उलगडत नाही. दोर बदललेला असला तरी बिघडत नाही, कारण तो झिजणारच असतो. चौकट मूळची आहे ना, एवढे महत्त्वाचे. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्या. ती डुगडुगत असेल तर कोणता सांधा हलतो ते पाहा आणि त्या सांध्यात खिळा ठोकलेला नाही ना, याची खात्री करून घ्या. गोंद सुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो, खिळा ठोकल्याने फाटलेले लाकूड नाही.

किमतीबाबत माझे मत असे की शिक्का किंवा पावती मिळेपर्यंत निनावी पण चांगल्या डॅनिश खुर्चीचे मोल द्यावे, मोगेन्सन यांच्या नावाचे नाही. विक्रेत्यालाच नाव ठाऊक नसल्याने घासाघीस करायला तुम्हाला वावही आहे. पुन्हा जाल तेव्हा विजेरी घेऊन जा, खुर्ची उलटी करा आणि बैठकीखालच्या चारही आडव्या पट्ट्यांच्या आतल्या अंगांची छायाचित्रे येथे टाका, म्हणजे पुढचे सांगता येईल.